अक्काचा निळा ठिपका

अक्का वारली त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले.

आज वर्ष झालं. बऱ्याच जणांना अर्धवटच माहीत हाय, म्हणून लिहितोय.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पोरींच्या शाळेत पीटी टीचर. आवाज असा की ग्राउंडवर शिट्टी लागायची न्हाय.

आजऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवरनं पोरी शाळेला चालत येतात. त्यांना सायकली द्यायच्या म्हणून ही बया स्वतःच सायकलवर निघाली. कुठं? स्वीडनपासून नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला. चॅरिटी राइड!

मी भडकलो. "आजऱ्याच्या पोरींसाठी नॉर्वेला कशाला मरायला जातीस?"

माझ्या जिभेला हाडच न्हाय.

ती हसली. "हितं कितीबी फिरलो तर कोण बघतंय रं? तिकडं गेलो की सगळी बघत्यात, पैसं देत्यात. पोचलो की फोन करतो."

आणि खरंच, सगळी बघायला लागली.

तिच्या मोबाइलच्या लाइव्ह लोकेशनची लिंक होती. नकाशावर एक निळा ठिपका. शाहूपुरीतल्या माझ्या मोटार-पंपाच्या दुकानात गिऱ्हाइकं भाव विचारायच्या आधी विचारायची, "अक्का कुठवर गेली?"

आबा, म्हणजे आमचे वडील, सकाळपासनं दुकानात खुर्ची टाकून बसायचे. ठिपका थांबला की यांचा जीव खालीवर.

"थांबली का रं?"

"च्या पित असंल की, आबा."

त्यांना घोर वेगळाच होता. तिकडं वर उन्हाळ्यात दिवसच मावळत न्हाय.

लहानपणी अक्काला त्यांचा एक नियम होता, "दिवं लागायच्या आत घरात पायजेस." ती कायम उशिरा यायची आणि कायम बोलणी खायची.

व्हिडिओ कॉलवर तिनं डिवचलं, "आबा, हितं दिवं लागतच न्हाईत. आता काय बोलशीला?"

आम्ही सगळे हसलो. आबा हसले न्हाईत.

"मग तू थांबणार कवा गं?"

मग एक दिवस ठिपका थांबला. बराच वेळ.

फोन लावला, उचलेना. आबांनी चहा तसाच ठेवला. मी वरनं "झोपली असंल" म्हणत होतो, पण माझंबी कामात लक्ष नव्हतं.

मग ठिपका हलला.

हलला काय, सुसाट सुटला! अक्का एवढ्या जोरात कधीच गेली नव्हती.

"उतार लागला वाटतं पोरीला," आबा म्हणाले, आणि सकाळपासनं पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

मी समोरनं पेढे आणले. येईल त्याच्या हातावर ठेवले. स्क्रीनशॉट टाकला, "आमची अक्का सुसाट!!" तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्याला हार्ट दिलं. तुमची काय चूक त्यात.

तो ठिपका ॲम्ब्युलन्समध्ये होता.

ओला रस्ता, उताराचं वळण, सायकल घसरली. अक्का जागच्या जागी गेली होती. मोबाइल तेवढा तिच्या जर्किनच्या खिशात चालू होता.

तिच्याबरोबर राइडला असलेल्या एकाचा फोन आला तेव्हा पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातातच होता. आबा विचारत होते, "पोचली का?"



समोरनं गाडी आली न्हाय. कुणी धडक दिली न्हाय. भांडायला माणूसच न्हाय हो! कोल्हापूरचा माणूस मी, हा राग घेऊन जाऊ कुणाच्या दारात?

सायकली आल्या. पोरी चालवतात. लोक भेटले की म्हणतात, "लई मोठं काम करून गेली बघा." असंल. मला काम नको, अक्का पायजे.

घरात वर्षभर एक चाललंय. संध्याकाळी माझी बायको सुनीता देवापुढं दिवा लावायला उठली की आबा म्हणतात, "थांब की जरा."

ती थांबते. कुणी का म्हणून विचारत न्हाय. पार अंधार पडतो, मग कधीतरी दिवा लागतो.

आज आबा आपणहून म्हणाले, "सुनीता, लाव दिवा."

आणि माझ्या तोंडातनं निघालं, "थांबा की आबा जरा."

अक्का, श्रद्धांजली-बिद्धांजली मला लिहायला जमत न्हाय.

हितं अंधार पडलाय गं.

दिवा लावतोय आता.