परक्या हातचा घास

देवाच्या दारात बसून पोट भरणाऱ्या बाईने देवावर संशय घ्यावा, हे काही बरं नाही. पण गुरांच्या लम्पी रोगाच्या साथीत मी तो घेतला, आणि पुरता घेतला.

आंबिवलीला आमचं घर, घराला लागून गोठा, गोठ्यात आमची गाय तांबू आणि तिची कालवड. रोज सकाळी तांबूला अंघोळ घालायची, कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि जवळच्या दत्ताच्या देवळाबाहेर तिला घेऊन बसायचं, हे माझं काम. शेजारी गवताच्या पेंढ्या. लोक दर्शन घेऊन बाहेर येतात, पेंढी विकत घेतात, तिला भरवतात, पाठीवरून हात फिरवतात आणि आपापल्या कामाला जातात. पेंढी विकते मी, पण भरवत कधी नाही. ते लोकांचं पुण्य, त्यात आपला हात घालू नये, असं माझ्या सासूबाई सांगायच्या; देवळाबाहेरची जागा त्यांनीच धरलेली. घरी कोंडा घालायचा तो सूनबाई घालते. मुलगा हसतो मला. म्हणतो, "आई, तू गाईची मॅनेजर आहेस."

मग साथ आली. आधी लांबच्या गावांची नावं ऐकू यायची, मग नदीकाठची. जनावराला ताप, अंगभर गाठी, पायाला सूज. गुरं रस्त्यावर आणायची नाहीत असा हुकूम निघाला, आणि तो बरोबरच होता हो, एकीचं दुसरीला लागतं ते. पण आमची चूल तांबूच्या दाव्यालाच बांधलेली. आमचीच कशाला, डोंगराकडून गवत कापून आणणाऱ्या बायका, देवळापाशी बसणारी फुलवाली, मागच्या गल्लीतले दूधवाले, सगळ्यांचीच. आमच्याकडून दूध नेणाऱ्या एकीने विचारलं, "आजी, दूध प्यायलं तर आम्हालाही गाठी येतील का हो?" म्हटलं, डॉक्टर सांगतात, माणसाला होत नाही, उकळून खुशाल प्या. "हो ना," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध घ्यायला लागली. पिशवीत काय देव दूध भरतो?

एका सकाळी तांबूला धूत होते, तर मानेखाली हाताला सुपारीएवढं काहीतरी लागलं. मी हात तिथेच ठेवून उभी राहिले. काढलाच नाही बराच वेळ. हात काढला की ते खरं होणार, असं वाटत होतं. नंतर अंगभर गाठी उठल्या. कालवड दुसऱ्या टोकाला, आडोशाला बांधली, डासमाश्यांसाठी कडुलिंबाचा धूर केला. गुरांचे डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. जाताना म्हणाले, "औषध चालू ठेवू, आजी. पण हिने खाल्लं पाहिजे. पोट थांबलं तर माझ्या हातात काही नाही."

आणि तांबूने खाणंच सोडलं. तोंडात फोड आलेले तिच्या. सूनबाईने मऊ पेज केली, गूळ घातला, मी कोवळी हरळी तोंडाशी धरली. ती मान फिरवायची. गल्लीतली एक गाय ताडपत्री घालून टेम्पोतून गेली, तेव्हापासून कुठलाही टेम्पो वाजला की मी गोठ्यात धावायची आणि तिच्या नाकापुढे हात धरायची. कालवड तिकडून हंबरायची. ही ओ देत नव्हती. ते ओ न देणं मला आजही ऐकू येतं.

घरात दत्ताची तसबीर आहे. देवाच्या मागे गाय उभी असते, माहीत आहे तुम्हाला. मी तसबिरीपुढे उभी राहून म्हटलं, तुझी गाय धडधाकट उभी आहे, आणि माझी? तुझ्याच दारात उभी असायची ना ती? मग भांडायचीसुद्धा ताकद संपली. दुपारी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, माझं काही चालत नाही. तुझी आहे, ठेव नाहीतर ने. आणि हात मांडीवर टाकून नुसती बसून राहिले.

तेवढ्यात समोर एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, लुगडं खोचलेलं, डोक्यावर गवताचा भारा. "गो बाय, इथं गाय हाय का?"

म्हटलं, "आहे, पण लम्पी झालाय. आत येऊ नका, तुमच्या गोठ्यात जाईल."

"माझा गोठा रिकामाच हाय. माझी त्यातच गेली." तिने भारा उतरवला. "सकाली उठले न् गवत कापलं. कापून झाल्यावर ध्यानात आलं का खानार कोन. हात आयकत नाय गो. टाकवेना, म्हनून नदीकाठून गाय शोधत आले."

ती आत गेली, तांबूपाशी टेकली. चुचकारलंसुद्धा नाही. चार काड्या तळहातावर घेऊन हात पुढे केला, देवळाबाहेर लोक करतात तसा. तांबूचा कान हलला. मग मान लांब झाली. एक काडी घेतली, खूप वेळ चघळली, आणि दुसरीसाठी जीभ काढली. दारात सूनबाई रडायला लागली. बाईचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपला ओला झालेला हात बघत होती. "जीभ खरबरीत हाय," म्हणाली. "माझीची पन अशीच व्हती."

पुढे डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी ताप उतरणीला लागला होता, खाल्लंच असतं तिने. असेल. त्यांच्या औषधालाही मी हात जोडते. मला आपलं वाटतं, तांबूला सवयच परक्या हाताची. इतकी वर्षं तिच्याकडे गवताचा घास आला तो अनोळखी माणसांकडूनच. ती वाट बघत असेल. पण त्या बाईचे पाय नेमके आमच्याच दाराशी का वळले, ते मी कुणाला विचारत नाही.

चहा झाला, साबणाने हातपाय धुवायला लावले, आणि ती गेली. नाव विचारायचं राहिलं. नंतर मुलगा नदीकाठी शोधायला गेला होता. परत येऊन म्हणाला, "आई, रिकामे गोठे इतके आहेत, कुठल्या दारात विचारू?"

साथ ओसरली, हुकूम उठला, आता आम्ही पुन्हा देवळाबाहेर बसतो. तांबूच्या अंगावर डाग राहिलेत. काही जण बघून लांबूनच नमस्कार करतात, करोत. सकाळची पहिली पेंढी मी विकत नाही. कुणी रिकाम्या हाताने घुटमळताना दिसलं की त्याच्या हातात देते. पैसे काढायला लागलं तर म्हणते, "ही माझी नाही, एका बाईची आहे. घाला." दावं तेवढं मी धरायचं. घास कुणाच्या हातून यायचा, ते देवाकडे.