सिओनेचा गुडघा

मला सोडायला मिरज स्टेशनवर अख्खी कबड्डीची टीम आली होती. अण्णांनी संध्याकाळची प्रॅक्टिस अर्ध्यावर थांबवून पोरांना तसंच आणलं होतं, हाफ पँटीत, गुडघ्यांना लाल माती लागलेली. बॅगा दोन आणि उचलायला डझनभर पोरं. आई त्यातल्या एकाला दम देत होती, 'अरे आडवी करू नको, आत तेलाची बाटली आहे!' अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत पी.टी.चे सर आणि तालमीशेजारच्या मैदानावर कबड्डीचे कोच. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. नव्या बुटांकडे बघून म्हणाले, 'टाचेला चावणार हे.' गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीशी चालत चालत एवढंच म्हणाले, 'खेळाडूचा पाय बघून बोलायचं, वैशे. तोंड बघून बोलायचं नाही.' लोकांचे वडील पोरीला जपून राहा म्हणतात. माझ्या वडिलांनी मला ड्युटी लावून दिली.

तुम्ही जे मागे राहिलात, तुमच्या लेखी मी 'लंडनला' गेले. मी गेले होते यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावाला. तिथल्या म्हाताऱ्यांनाही लंडन परदेशच वाटतं. आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, पण कॉम्प्युटरसमोर बसायला आलात, तुम्हाला माझं कामाचं ठिकाण सांगूनही पटणार नाही. चिखल, जुने टॉवेल आणि दुखण्यावरच्या मलमाचा वास असलेली एक खोली, मध्ये एक टेबल, आणि टेबलावर ओळीने येऊन पडणारे शंभर-शंभर किलोचे पुरुष. मी त्यांची फिजिओ. वैशालीचं पहिल्याच दिवशी 'विश' झालं.

खेळ रग्बी लीग. टीव्हीवर दिसते ती मोठ्या शाळांतल्या साहेबांची रग्बी वेगळी. ही तेरा जणांची, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतली. मला ती दोन आठवड्यांत कळली, कारण ती आमच्या कबड्डीची दांडगी चुलत बहीणच आहे. चढाई आहे, पकड आहे, पकडीसाठी जीव टाकणं आहे. फरक एवढाच की आपल्याकडे पकडला की बाद, बाहेर जाऊन बसायचं. इथे पकडलेला माणूस उठतो, बॉल पायाने मागे सरकवतो आणि पुन्हा सुरू. असं सहा वेळा चालतं. मी अण्णांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, 'मग पकडायचं कशाला?'

माझं काम मला आवडायचं, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल मी नुसती रडतेय. पण माझ्या वर्क परमिटवर एकाच क्लबचं नाव होतं. त्या क्लबने ठेवलं तर मी इंग्लंडमध्ये, नाहीतर नाही. शेजारच्या गावात जास्त पगाराची जागा निघाली तरी मी नुसती जाहिरात वाचायची. कार्पेटच्या दुकानावरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून क्लबचे दिवे दिसायचे. सकाळी उठलं की ते, रात्री पडदा ओढताना ते. सगळ्यांशी गोड बोलायची सवय तिथेच लागली. कोणी माझ्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' मी म्हणायचे. घरी फोन केला की 'सगळं छान आहे' म्हणायचे, आणि पलीकडून आई-अण्णाही 'इकडेही छान' म्हणायचे. दोन्हीकडून इतकं छान चाललेलं घर मी आजवर पाहिलेलं नाही.

सिओनेची आणि माझी मैत्री त्याच्या बायकोमुळे झाली. ब्रॅडफर्डच्या भाजीच्या दुकानात एकच जुडी उरली होती, मला पाहिजे ती. मी आनंदाने 'अळू! अळू!' करत धावले, तर जुडीवर आधीच एका उंच, रुंद बाईचा हात. ती माझ्याकडे रागाने बघायला लागली. मग कळलं की ती पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांची, मेले तिचं नाव, आणि टोंगन भाषेत 'अलू' म्हणजे 'जा'. तिला वाटलं ही कोण सुकडी मला दुकानातून हाकलतेय. अर्धी अर्धी जुडी घेताना बोलणं निघालं तर तिचा नवरा आमच्याच क्लबचा सिओने. रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. अळूच्या पानात ते मटण आणि नारळाचं दूध बांधून भाजतात. मी त्यांना अळूवडी करून दाखवली. सिओनेने सगळी ताटली एकट्याने संपवली आणि विचारलं, 'मटण कुठेय?'

सिओने टोंगाचा, पण टोंगात लहानपणी एकदाच गेलेला. जन्म ऑकलंडचा. या खेळात तसे खूप आहेत. टोंगा, सामोआ, फिजी, कुक बेटं, सगळ्या चिमुकल्या देशांच्या टीममध्ये अर्धी मुलं ऑकलंड-सिडनीत जन्मलेली. आजी-आजोबा जिथले, त्या देशाकडून खेळता येतं. आपल्याकडे त्यासाठी आजोळ असा छान शब्द आहे. मी तो सिओनेला शिकवला. त्याला 'ळ' काही जमला नाही, पण अर्थ लगेच जमला. तिशी ओलांडलेली, दहा वर्षं दुसऱ्यांच्या गावांसाठी हाडं मोडून घेतलेली, आणि एकदाही आजोळच्या लाल जर्सीत खेळलेला नाही. कधी क्लबने सोडलं नाही, कधी दुखापत, कधी बोलावणंच नाही. त्या वर्षी बोलावणं आलं. सीझन संपल्यावर ऑकलंडला बेटांच्या टीम्सचे सामने होते. त्याचे वडील, मांस पॅक करण्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेले, तिकीट काढून बसलेसुद्धा. पुन्हा बोलावणं येण्याचं त्याचं वय नव्हतं. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, मेलेने तर स्वयंपाकघरात बोलूनच दाखवलं होतं.

सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याचा उजवा गुडघा दोघांच्या वजनाखाली आला.

आमचा मॅनेजर टेरी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला. क्लबचे खेळाडू देशासाठी गेले की तो खर्चाचा हिशेब मांडत बसायचा. तिकडे मोडून आले तर पगार इकडचा. 'गुडघा बॅड आहे ना, लव? तसंच कळव टोंगावाल्यांना,' तो म्हणाला (इकडे कोणालाही 'लव' म्हणतात), आणि त्याच दमात, 'तुझं परमिटच्या एक्स्टेंशनचं लेटर पण द्यायचंय ना? शुक्रवारी बघू.' एवढंच. आवाज गोड, हातात चहा.

मला इतका संताप आला की मी ठरवूनच टाकलं, गुडघा ठणठणीत निघणार. मी सिओनेला टेबलावर झोपवलं, पाय हातात धरला आणि हलवून पाहिला. आतल्या बाजूने तो हलायला नको तेवढा हलला. मी दुसरा पाय पाहिला, परत हा पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून पुन्हा पाहिला. देवाशपथ सांगते, रुग्ण बरा असावा म्हणून मी कधी एवढी धडपडले नाही. पण लिगामेंट सैल पडलं होतं. त्यावर ऐंशी मिनिटं खेळला असता तर ते तुटलं असतं आणि त्याच्याबरोबर पुढचं कॉन्ट्रॅक्टही. खरं आणि टेरीला हवं असलेलं, दोन्ही नेमकं एकच निघालं. खोटं बोलले तर सिओनेचा पाय जाणार, खरं बोलले तर मी टेरीची चमची ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या जागेवर माझं टेबल.

'नाही,' मी सांगितलं. 'या पायावर नाही खेळता येणार.'

तो छताकडे बघत होता. 'टेरीने सांगितलं?'

'नाही.'

'तुझं लेटर मिळालं?'

'शुक्रवारी मिळेल.'

तो हसला. बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेला. त्यानंतर तो मला 'विश' म्हणेनासा झाला, 'मिस' म्हणायला लागला. ड्रेसिंग रूममध्ये मी आले की बाकीचेही गप्प व्हायचे. मला प्रत्येकाला धरून सांगावंसं वाटायचं की अरे, गुडघा खरंच गेलाय रे. पण असं सांगणारा माणूस जास्तच खोटा वाटतो, म्हणून मी पट्ट्या गुंडाळत राहायचे.

शुक्रवारी लेटर मिळालं. ते आणि पासपोर्ट क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसला पाठवून दिलं. उत्तर येईपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला तर अर्ज बाद. नेमकं त्याच दिवाळीत अण्णांच्या जुन्या पोरांनी त्यांचा सत्कार ठेवला, रिटायर झाले म्हणून. मैदानावरच मांडव. स्टेशनवर बॅगा उचलणारी पोरं आता कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत, सगळी येणार होती. मी फोन केला, 'अण्णा, जमत नाही हो, पासपोर्ट अडकलाय.' ते म्हणाले, 'काही हरकत नाही. तुझं काम महत्त्वाचं.' मी म्हटलं, 'फोटो पाठवा.' ते म्हणाले, 'हो हो.' अगदी सभ्य बोलणं. फोन ठेवून मी त्या खोलीत बसून राहिले. कार्पेटच्या दुकानात खाली कोणीतरी गालिचे गुंडाळत होतं. त्या दिवसांइतकी कोंडलेली मी आयुष्यात कधीच नव्हते. जायला दार नव्हतं आणि तक्रार करायला माणूस नव्हतं.

ऑकलंडच्या मॅचच्या दिवशी सकाळी मेलेचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. 'ये,' ती म्हणाली, 'हा एकटा ऐकणार आहे, मला बघवत नाही.'

सिओने स्वयंपाकघरात बसला होता, पाय समोरच्या खुर्चीवर, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी. टेबलावर फोन, स्पीकर चालू. पलीकडे त्याचे वडील स्टेडियममध्ये मोबाइल उंच धरून उभे होते. हजारो माणसं चर्चमधलं गाणं म्हणत होती, कोणी शिकवल्यासारखी सुरात. मग टोंगाची टीम मॅचआधीचा आपला ललकारी नाच करायला लागली. सिपी ताऊ म्हणतात त्याला. आरोळी ऐकून सिओने उठला. मटार जमिनीवर. तो मांड्यांवर थापा मारत, फरशी दणाणत, सगळा नाच त्या ओट्याच्या आणि फ्रिजच्या मधल्या जागेत करायला लागला. आणि मी, कप्पाळ माझं, ओरडले, 'सिओने, वजन डाव्या पायावर!'

तो थांबला, वळला आणि माझ्यावर सुटला. असा ओरडला की फोनमधलं स्टेडियम ऐकू येईना. माझ्यामुळे तो इथे आहे, माझ्यामुळे त्याचा बाप तिकडे एकटा उभा आहे, मी दगड आहे, मी टेरीची आहे, माझ्या हातात माणसाचा पाय नाही, विटा द्याव्यात. मीही मग सोडलं नाही. मी मराठीत सुरू केलं ते कधी इंग्रजीत आले मलाच कळलं नाही. मेले शांतपणे मटार गोळा करत होती.

दोघं दमलो तेव्हा मी विचारलं, 'तुला खरंच वाटतं मी टेरीसाठी केलं?'

'नाही,' तो म्हणाला. 'गुडघा माझा आहे, मला कळत नाही का? पण टेरीवर ओरडलो तर कॉन्ट्रॅक्ट गेलं. बाबांवर ओरडलो तर ते रडतील. मेलेवर ओरडलो तर जेवायला कोण देईल? उरलीस तू. आणि तू कुठे पळणार होतीस? पासपोर्ट तर क्रॉयडनला.'

मेले आधी हसली, मग आम्ही. टोंगा जिंकलं. त्याच्याशिवाय जिंकलं, हे त्याला हरण्यापेक्षा जास्त लागलं, आणि तो उरलेला दिवस त्याबद्दलही माझ्यावरच चिडचिड करत राहिला. मला फार बरं वाटत होतं. या देशात इतक्या दिवसांत माझ्यावर कोणी हक्काने ओरडलंच नव्हतं.

मी अजून त्याच गावात आहे. परमिट वाढलं, मग आणखी वाढलं. सिओने आणि मेले ऑकलंडला परत गेले. तो लाल जर्सी न घालताच रिटायर झाला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी खरं बोलले म्हणून ते वाईट वाटणं कमी होत नाही. घर कुठे म्हणून कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्यावर चिडताना आपल्याला पुढचामागचा विचार करावा लागत नाही, ती माणसं म्हणजे घर, असं मला आता वाटतं. बाकी सगळीकडे आपण पाहुणे, कितीही वर्षं राहा.

त्या दिवशी मेलेकडून निघाले ती कोपऱ्यावरच्या दुकानातून भारतात बोलायचं फोनचं कार्ड घेऊनच खोलीवर आले. अण्णांनी उचलला. 'कशी आहेस?' 'छान' तोंडाशी आलं होतं.

'छान नाहीये,' मी म्हटलं. 'तुम्ही मला ये का नाही म्हणालात? काही हरकत नाही काय म्हणालात? हरकत नव्हती तुम्हाला?'

मग अण्णा, मैदानावरच्या आवाजात, 'होती! पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली होती मी, रिकामी! सगळे विचारत होते, वैशाली कुठेय, आणि मी येड्यासारखा पासपोर्ट पासपोर्ट करत होतो!'

'मग बोलायचं ना तसं!'

'तू कुठे बोललीस? दोन वर्षं नुसती छान छान करतेस, मला वाटायचं दुसऱ्याच कुणाच्या पोरीचा फोन लागलाय!'

मागून आई म्हणत होती, अहो, हळू, शेजारी ऐकतील. आम्ही दोघंही ऐकत नव्हतो. मी रडत होते आणि ओरडत होते, आणि अण्णा माझं एकेक वाक्य पकडून परत फेकत होते. 'तुम्हीच मला...' असं मी सुरू केलं आणि कार्ड संपलं.

मी तशीच, चप्पल घालून, पावसात दुसरं कार्ड आणायला पळाले.