एकाच घरात दोघांना डिप्रेशन झालं

एकच घर, एकच आजार. मी जिवंत आहे. रोशन नाही.

आज माझ्या धाकट्या भावाला जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतायत. काकांनी लिहिलंय, "पोरानं मन मोकळं करायले पाह्यजे होतं."

काका, केलं होतं त्यानं. तुमच्यासमोर. आमच्याच हॉलमध्ये.

आधी माझं सांगते.

स्पर्धा परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले आणि मी अंथरुणातून उठणंच बंद केलं. तेव्हा आई माझे केस विंचरून द्यायची. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत. ड्युटी बदलून घ्यायचे आणि मला गाडीवर मागे बसवून अमरावतीत सायकियाट्रिस्टकडे न्यायचे. बाहेर आलो की उसाचा रस पाजायचे.

घरात टीव्ही मोठा झाला की आई ओरडायची, "आवाज कमी कर रे, पोरीले बरं नाई."

मी बरी झाले. नोकरी लागली. कोणी मला विचारलं नाही की हे तुला कोणाच्या संगतीनं झालं.

मग रोशन.

अकोल्याला कॉलेजात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला आणि जेवेनासा झाला. नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी लगेच ओळखलं. मी त्यातूनच आले होते.

गच्चीवर नेऊन विचारलं. म्हणाला, "ताई, मले पोरी नाई आवडत. पोरं आवडतात. किती वर्षं लपवून राहिलो. आता थकलो."

मी म्हटलं, "बरं. मंग जेवशीन का आता?"

हसला. त्या दिवशी पोटभर जेवला.

काही दिवसांनी त्यानं स्वतःच आईबाबांना सांगितलं. मी शेजारी बसले होते. काका सहज आले होते, तेही होते.

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या.
एक, मला मुलं आवडतात.
दुसरी, मला जगावंसं वाटत नाही.

घरानं पहिलीच ऐकली.

बाबा म्हणाले, "अकोल्याले पाठोलं, तिथंच बिघडला."
आई म्हणाली, "लोकायले काय सांगू मी?"
काका म्हणाले, "लग्न करून द्या. सुदरते आपोआप."

मी त्याला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मुलं आवडणं हा आजार नाही. डिप्रेशन आहे, ते बरं होतं."

गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू गुण येत होता. सकाळी अंघोळ करून चहाला येऊन बसायचा.

आईनं विचारलं, "ह्या गोळ्यायनं ते जाते काय रे?"

"ते नाई जात, आई. मी जगतो फक्त."

"मंग काय उपयोग?" बाबा म्हणाले.

गोळ्या बंद.

माझ्या गोळ्या आई स्वतः हातावर ठेवायची. त्याच्या तिनं कचऱ्यात टाकल्या.

मग "मुलगा बदलून देतो" म्हणणारा कोणीतरी शोधला. फोन काढून घेतला. एक मुलगी पाहायचं ठरवलं. मी भांडले. त्याला माझ्यासोबत ठेवायला अकोल्यात खोली बघून आले, किल्ली घेतली.

तिथे जायच्या आधीच तो गेला.

कसा गेला ते मी लिहिणार नाही. विचारू नका.

त्याच्या पुण्यानुमोदनाला, शोकसभेला, बाबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "पेपरचं लय टेन्शन घेतलं होतं त्यानं."

म्हणजे माझ्या आजाराचं कारण त्याला लावलं. माझं चारचौघांत सांगता येतं ना.

सागर आला होता. रोशनच्या कॉलेजातला. मागे, मंडपाच्या खांबाला धरून उभा. काकांनी विचारलं, "तू रूममेट काय?"

मी त्याचा हात धरून त्याला पुढे आणलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "हा सागर. रोशनचा जोडीदार."

काका न जेवता उठून गेले. त्यांच्यामागे अजून काही जण गेले.

आई सतरंजीवर जरा सरकली आणि सागरला म्हणाली, "बस, बाबू."

बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत.

काका, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी सकाळी तसं लिहिलंत. म्हणून मी इथे लिहिलं. आता ग्रुपमधून काढा मला, चालेल.

आणि माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये कोणी रोशनसारखं असेल आणि घरी ऐकत नसतील, तर मला मेसेज कर. नाव नको सांगूस. डॉक्टरकडे जायचं असेल तर मी सोबत येईन. बाहेर बाकावर बसून राहीन.

रोशन, तुझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं रे.

जयभीम, भाऊ.
तुझी ताई