तळहाताएवढा जुना रंग

आमचे मामा रंगारी. घरं रंगवणारे, चित्रं काढणारे नव्हेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मामी पाहुण्यांना अर्धवटच सांगते. ज्या गल्लीत त्यांनी उभा जन्म काढला, ती मधल्या काळात पार ओस पडली होती. नाट्यगृहाला टाळं, छापखाने बंद, दुमजली घरांत नुसती कबुतरं. मग एका कलासंस्थेने तिथे पैसा घातला. नाट्यगृहाची डागडुजी सुरू झाली, रिकाम्या घरांत वादक-शिल्पकारांना खोल्या मिळाल्या आणि तिसाच्या तीस घरांना मूळ रंग द्यायचं ठरलं. देखरेखीला मामा. सत्तरीत नोकरी लागली म्हणून स्वारी नवरदेवासारखी ताठ चालायला लागली.

मूळ रंग शोधायला एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी त्याच गल्लीतल्या मामीच्या माहेरची भिंत खरवडली, तर मामांनीच वेळोवेळी दिलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरांखाली वांग्याच्या सालीसारखा रंग निघाला, आणि त्याखाली थेट गिलावा.

"शंभर वर्षांचा तरी असेल," बाई म्हणाल्या. "हाच सगळ्या गल्लीला द्यायचा."

"मी सांगत नव्हते?" मामीला आभाळ ठेंगणं झालं. "आमच्या ह्यांनी तेव्हाच शोधून काढला होता!"

या 'शोधा'वरच त्यांचं लग्न जमलं होतं. मामांनी रंगवायला घेतलेलं घर वांगी झालेलं पाहून मामीचे वडील खवळले, तेव्हा विशीतल्या मामांनी ठोकून दिलं, "जुने थर खरवडून पाहिले, हाच तुमच्या घराचा मूळ रंग." मामीने वडिलांशी भांडून त्यांची बाजू घेतली, आणि पुढे त्यांनाच घेतलं.

खरं असं होतं की मामांनी गेरूचा डबा चुकून निळ्या पिंपात उपडा केला होता. हे त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. चेहरा पडलेला.

"आता?" मी विचारलं.

"गप्प बसलो तर माझा गाढवपणा तीस घरांवर चढेल. बोललो तर तुझी मामी कोणाला तोंड दाखवेल?"

दोन दिवस मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी नाट्यगृहात बैठक भरली. रंगाची ऑर्डर सुटणार, एवढ्यात मामा उठले आणि सगळ्यांसमोर सगळं ओकून मोकळे झाले. मग सगळ्यांना मामीच्या माहेरी नेऊन त्यांनी दाराची फळी ओढली. मागे, बिजागरीखाली, तळहाताएवढा फिकट पिवळा तुकडा. त्यांच्या उस्तादांची शिकवण होती: नवा हात मारताना जुन्याला तळहाताएवढी जागा ठेवायची. मामांनी गल्लीतल्या प्रत्येक दारामागे ती ठेवली होती. बाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग मामांच्या पाठीवर थाप मारली. मला मामांचा फार अभिमान वाटला.

मामी मात्र तरातरा घरी निघून गेली. दोन महिने अबोला. "भाजीत मीठ कमी आहे असं तुझ्या मामांना सांग," हेसुद्धा माझ्यामार्फत, आणि मामा समोरच बसलेले.

गल्ली पिवळीधमक झाली. नाट्यगृह उघडलं त्या दिवशी इतकी माणसं आली की चपला कुठे काढल्या ते कोणाला सापडेना. त्या गर्दीत मामा मामीला म्हणाले, "जरा वर येतेस?"

मामीच्या माहेरच्या वरच्या खोलीत आता एक व्हायोलिनवाली राहते. तिने हसून वाट दिली. ही मामीची लग्नाआधीची खोली. मामांनी खिडकी आत ओढली. दोन्ही फळ्या आतून वांगी होत्या. तळहाताएवढ्या नाही, अख्ख्या.

मामीने एका फळीवरून हात फिरवला. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली, "रंगवायला विसरलात, दुसरं काय!"

"हो," मामा म्हणाले. "चार वेळा विसरलो."