विस्तव मागायला येणाऱ्या गजरामावशी

माझी पदवी आणि माझ्या आईचं आज जिवंत असणं, दोन्हींसाठी मी एकाच बाईचं देणं लागतो. तिचं नाव गजराबाई. पलटणीच्या लाइनीत, म्हणजे शिपायांच्या खोल्यांच्या रांगेत, आम्ही सारे त्यांना गजरामावशी म्हणायचो. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा अकोल्याहून अमरावतीला सांगायला आला, "माय गेली." तो गेल्यावर आईनं भर दुपारी दाराला कडी लावली. का, ते मी विचारलं नाही...

अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, तेव्हाची ही गोष्ट. वडील अकोल्याच्या पलटणीत हवालदार होते. कवायतीवरून परतताना त्यांच्या बुटांचा आवाज आला की आई चुलीपुढून उठून भिंतीशी जायची. ते कमरेचा पट्टा सोडायचे. शेजारच्या खोल्यांत सगळं ऐकू जायचं, पण कोणी येत नसे. तक्रार साहेबापर्यंत गेली तर शिपायाचं नाव कटतं, नाव कटलं की खोली जाते. मग बायकापोरांनी जायचं कुठं? म्हणून मार खाणारीच आधी विनवायची, "कोनाले सांगू नका."

गजरामावशी सुभेदाराच्या विधवा. मुलगा पलटणीत होता, म्हणून लाइनीत राहत. त्यांनी विहिरीवर बायांना एक शिकवलं. ओरडणं ऐकू आलं की हातात गोवरी घ्यायची आणि त्या घरी विस्तव मागायला जायचं. विस्तव मागणारीला कोणी दारातून परत पाठवत नाही. एक गेली की दुसरी यायची.

"साऱ्या लाइनीच्या चुली आजच इझल्या काय?" वडील दात खाऊन विचारायचे.

"वारा लय सुटला नं, भाऊ," असं म्हणत मावशी खुशाल बसायच्या. "तुमी काय करून राहिले?"

वडिलांचा हात खाली येईपर्यंत त्या उठत नसत.

ही युक्ती वडिलांनी ओळखली. एका दुपारी त्यांनी घमेलंभर निखारे उंबऱ्याबाहेर ठेवले, "न्या साऱ्या!" म्हणाले आणि दार लावून घेतलं. बाया गोंधळल्या. मागितलेलं मिळालं, आता कोणत्या तोंडानं थांबायचं? त्या निखारे घेऊन निघून गेल्या. तीच चूक झाली. आत मी कणगीमागे होतो. आई ओरडायची थांबली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग दारावर धक्के बसले. एकट्या गजरामावशी परत आल्या होत्या.

"विस्तव बाहेर हाये, बाई!" वडील आतूनच ओरडले.

"मले विस्तव नाही पायजे. तुयी बायको दाखव. जिती दाखव!"

वडिलांनी दार उघडलं ते पट्टा उगारूनच. तो मावशींच्या खांद्यावर बसला. तरी त्या आत आल्या, आईला उचलून आपल्या खोलीत नेलं आणि तशाच पलटणीच्या तेव्हाच्या सुभेदारांकडे गेल्या. म्हणाल्या, "याचं नाव काटू नका. याले बराकीत ठेवा, अन् हिले जाऊ द्या." सुभेदारांनी ऐकलं.

आम्हाला त्यांनी अमरावतीजवळ वलगावला आपल्या भावाकडे पोचवलं. कापसाच्या त्या तेजीत सरकी काढायला बाया मिळत नव्हत्या. आईला लगेच चरखीवर काम लागलं. त्या कामावरच मी अमरावतीच्या शाळेत शिकलो, पुढं मुंबईला गेलो. इतकी वर्षं वडिलांनी विचारलं नाही. आता पेन्शन झाल्यावर त्यांचा निरोप आला, दिवाळीनंतर येतो, बायको न्यायला... मी त्याच दिवशी मावशींना पत्र टाकलं. मुलगा सांगत होता, मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं, "येतो म्हनून लिव" म्हणाल्या, आणि तो उत्तर लिहिण्याआधीच गेल्या. दिवाळी आता आठ दिवसांवर आहे. ते पत्र असं होतं :

"तीर्थस्वरूप गजरामावशींस शिरसाष्टांग नमस्कार. बाबा येणार आहेत. मी एवढा शिकलो, पण बुटांचा आवाज नुसता आठवला तरी अजून मागं सरतो. तुम्ही आलात तर धीर येईल. परवा आई म्हणाली, त्या दिवशी तिला उचलताना तुमचे दात वाजत होते. मी इतकी वर्षं समजत होतो, तुम्हाला भीती वाटतच नाही. तुमचं येणं झालं नाही, तर दार मी उघडीन. आई आतच राहील. मी घाबरलेला असेन, पण त्यांना आत येऊ देणार नाही."