कळलावी पाहायला

माझं माहेर राजूर घाटाच्या माथ्यावर, मुरमाड जमिनीचं. सासर नांदुऱ्याजवळ, काळ्या मातीत. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी माहेरच्या उतारावरून कळलावीचा कंद आणून परसात लावला. महिन्याभरात तो कुजला. मी तो उकरत बसले होते, तेव्हा सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"काऊन रडून राह्यली?"

"रडत नाही. फुलाचा वेल होता."

त्यांनी कंद बोटांनी दाबून पाहिला. "आपली माती पाणी धरते, बाई. मुरमातलं झाड इथं कसं जगन?" मग मला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर नेलं आणि गवत बाजूला सारलं. खाली मातीला चिकटून विष्णुक्रांतीची निळी फुलं होती, नखाएवढी. "हे आमच्याकडचं," त्या म्हणाल्या.

त्याला वीस वर्षं झाली. आता गुडघ्यांमुळे त्यांचं शेतात जाणं बंद झालंय. गेल्या भादव्यात चहा पिताना म्हणाल्या, "तुह्या घाटातले फुलं मी कधी पाह्यलेच नाहीत. या दिवसांत निंदणा-खुरपणातून सवड नसे. मले घेऊन चाल."

मोताळा मागे पडला, एसटी घाट चढू लागली. कपाशी संपून सागाचं रान लागलं, पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेलं. वर थांब्यावर माझी माय उभी होती. आम्ही दोघींनी हात धरून त्यांना उतारापर्यंत नेलं आणि एका दगडावर बसवलं.

खडकावर सोनकी पिवळी पसरली होती. ओलाव्याच्या कडेनं तेरडा, अन् झुडपांवर चढलेली लाल-पिवळी कळलावी.

"हे कोणी पेरलं नाही?"

"नाही."

आत्याबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "जन्मभर गवत उपटतच आली मी. आज हाताले कामच नाही."

माय कळलावीचं फूल तोडायला वाकली.

"राहू द्या, विहीणबाई. तिथंच बरं दिसते."

परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. लुगड्याच्या काठाला गवताची कुसळं चिकटली होती. त्यांना जाग येऊ नये म्हणून मी ती एका हातानं, एकेक करून काढत राहिले.