न भिजणारं पान

दीपा आमच्या तांड्यावरच्या शाळेत पहिल्यांदा आली ती २०१७ च्या ऑगस्टमध्ये. दारव्ह्याची मुलगी. बाप एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यानं तिला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं होतं. एका संस्थेच्या फिरत्या विज्ञानगाडीवर तिला काम मिळालं होतं. गाडीत दाराएवढा टचस्क्रीन. त्यावर बोट टेकवलं की निसर्गातली एखादी गोष्ट उघडायची आणि माणसानं ती पाहून काय बनवलं, ते शेजारी दिसायचं. वारुळाला बोट लावलं की आतली गरम हवा वर निघून जाताना दिसे, आणि बाजूला तशीच थंड राहणारी इमारत उभी राही.

मी तिथला शिक्षक. माझ्या वर्गात पोरांचा असा गलका मी कधी ऐकला नव्हता. दीपा आधी विचारायची, "सांगा, वारूळ उन्हात तापत काहून नाही?" पोरं दहा उत्तरं द्यायची, भांडायची, आणि मगच ती कोणाला तरी स्क्रीनला हात लावू द्यायची.

चार वाजता मोठी माणसं जमली. त्यांत देवीलाल होता. त्याला स्वतःची शेती नव्हती. पाठीवर पंप घेऊन लोकांच्या कपाशीत फवारणी करायचा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळीच्या धास्तीनं लोक आठवड्या-आठवड्याला औषध मारत होते. देवीलालनं स्क्रीनवरच्या कमळाच्या पानावर बोट फिरवलं. थेंब घरंगळला, पान कोरडंच.

"हे त आपल्या धोप्याच्या पानावानी हाय," तो म्हणाला. धोपा म्हणजे आमच्याकडचं अळू.

"तसंच आहे, भाऊ. पानावर बारीक बारीक उंचवटे असतात, डोळ्यांना न दिसणारे. पाणी टेकतच नाही. तसं पाहून न भिजणारं कापड बनवलंय लोकांनी."

"मले तसला सदरा पायजे."

लोक हसले. तो हसला नाही. "औषध अंगावर येते, म्याडम. पाठ जळते."

दीपानं विचारून सांगते म्हटलं. तिनं खरंच विचारलं. संस्थेचे यवतमाळचे चारुदत्त सर फोनवर म्हणाले, "आपण कपडे वाटत नाही, दीपा. आपण कल्पना पोचवतो."

आठ दिवसांनी गाडी पुन्हा आली. काय सांगावं या विचारात ती उतरली, तर देवीलालच तिची वाट पाहत उभा. लालीबाई, त्याची बायको, न्हाणीपाशी धोपा लावायची. तिथलं पान तोडून त्यानं आणलं होतं. त्यावर त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं. मोत्यासारखं घरंगळून गेलं. मग पान दूर खुंटीला अडकवून त्यानं पंपाची एक फवारणी मारली. औषध पानभर पसरलं, चिकटलं आणि शिरांतून खाली ओघळलं.

"पाह्यलं का? पान्यानं भिजत नाही. औषधानं भिजते."

दीपा पानाजवळ वाकली. "औषधात साबणासारखं काहीतरी घालतात, पिकाच्या पानावर पसरावं म्हणून," ती हळूच म्हणाली. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मंग तुमच्या गाडीत हे काहून नाही?"

त्या दिवसापासून ती जाईल त्या गावात स्क्रीनशेजारी धोप्याचं एक पान आणि साबणाच्या पाण्याची वाटी ठेवू लागली. कमळ दाखवून झालं की पानावर साबणाचं पाणी टाकायची आणि सांगायची, "हे पान भिजतं, मग तुमचा सदरा किती भिजत असेल? वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. भिजलेले कपडे लगेच काढा, आंघोळ करा." बायका पुढं होऊन ऐकायच्या. चारुदत्त सरांना कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. "औषधाचा विषय आपल्या कार्यक्रमात नाही. ठरलंय तेवढंच शिकवायचं." ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पान घेऊन निघाली.

लालीबाईनं देवीलालसाठी प्लास्टिकचा सदरा शिवला होता. दाट कपाशीत वारा नसतो. अर्ध्या तासात त्याचा जीव घुसमटला आणि त्यानं तो काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला. सप्टेंबर संपता संपता, भर दुपारी, शेतावरच्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून शाळेपाशी आणलं. ओकाऱ्या, तोंडाला फेस, डोळे उघडत नव्हते. आम्ही जीप करून यवतमाळ गाठलं. वॉर्डात त्याच्यासारखीच माणसं होती. काहींच्या डोळ्यांवर कापूस, काही हातपाय झाडत होते म्हणून त्यांना खाटेला बांधलेलं. देवीलालचेही हात बांधले.

दीपा संध्याकाळी आली. लालीबाई तिला पाहून उठली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "त्याले त माहीत होतं ना, बाई? तुमीच सांगतलं, त्यानंच तुमाले दाखवलं. मंग तो कायले गेला?"

उत्तर मला ठाऊक होतं. तो नाही म्हणाला असता तर मालकानं दुसऱ्याला बोलावलं असतं, आणि पुन्हा त्याला विचारलं नसतं. लालीबाईलाही हे ठाऊक होतंच. तरी तिनं विचारलं.

देवीलाल वाचला. नजर मात्र उजेड आणि सावलीपुरतीच उरली. दीपाचं काम संस्थेनं पुढं चालू ठेवलं नाही. त्याचं कारण कागदावर लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात ती मला घेऊन देवीलालच्या घरी गेली. देवीलाल दारात बसून कवडी कापूस, म्हणजे अळीनं खाल्लेला कापूस, बोटांनी चाचपून वेगळा काढत होता. तिचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"गाडी कुठं हाय आता?"

"गडचिरोलीकडं पाठवली, भाऊ."

"तिकडं कपाशी हाय का?"

"थोडी. धानच जास्त पिकतो."

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि लालीबाईला चहा ठेवायला सांगितलं.